सासऱ्यांच्या तलावावर कावळा नाही

माणसानं शहाणपणाचं काही बोलून झालं, की ताबडतोब तिथून उठून जावं. मी बोललो आणि तिथंच बसून राहिलो. पुढचं सगळं रामायण त्यातून झालं.

माझे सासरे उत्तमराव ऐन मार्गशीर्षात वारले, आणि दहावा कुठं करायचा हा प्रश्न निघाला. गावची रीत नदीवर करायची. नदी लांब, वाट खाचखळग्यांची, जाऊन यायचं म्हणजे आख्खा दिवस मोडणार. आणि मी पडलो अमरावतीच्या कापसाच्या बाजारातला मापारी, म्हणजे गाड्यांमधला कापूस काट्यावर तोलून देणारा. ते दिवस तुम्ही पाहिले नसतील. सातासमुद्रापार अमेरिकेत कसली तरी लढाई पेटली होती, विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि त्यापायी आमच्या वऱ्हाडातली माणसं येडी झाली होती. लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या होत्या. बाजारात गाड्यांची रांग पार बडनेऱ्याच्या वाटेला लागलेली, आणि काट्याचा माणूस सासुरवाडीला अडकला म्हणून आमचे शेठजी दातओठ खात बसलेले.

म्हणून मी उपरण्यानं डोळे टिपले आणि म्हणालो, "मामाजींचा जीव तलावावर होता. दहावा तलावावरच करू."

(लिहिताना मी शुद्ध लिहितो, चार बुकं शिकलोय. बोलताना मीही 'मले-तुले'च करतो. पण रडताना मात्र शुद्ध बोललेलं बरं, लोक मान देतात.)

तलाव घराच्या मागंच. अमरावतीची सडक त्याच्या पाळीला लागून. उन्हं वर यायच्या आत कावळा शिवणार आणि दुपारी मी काट्यापाशी उभा, असा माझा बेत होता. सासूबाईंनी, म्हणजे मैनाबाईंनी, पदर तोंडाला लावला. माझी बायको सुभद्रा माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "तुमाले कळलं बाबाचं." आमच्या आख्ख्या संसारात 'तुमाले कळलं' हे शब्द तिनं मला पहिल्यांदा ऐकवले. मी विरघळलो. त्याच वेळी उठून गेलो असतो तर आज सुखी असतो.

आता सासऱ्यांचं सांगतो. त्यांना पाखरांचं वेड होतं. तलाव घरचाच, त्यांच्या आजोबांनी बांधलेला. पाळीवर उंबराखाली एक धोंडा होता, त्यावर ते सकाळ-संध्याकाळ बसत. बाराही महिने तलावात राहणारी जी पाखरं, ढोकऱ्या, टिबुकल्या, पाणकोंबड्या, टिटव्या, त्यांना ते 'घरचे' म्हणत. आणि थंडीला उत्तरेकडून येणारे ते 'सोयरे'. लांब मानेचे करकोचे, चक्रवाकाची भगवी जोडपी, फावड्यासारख्या चोचीची बदकं, शेपटी हलवत चिखलात फिरणारे परीट. दसरा झाला की म्हातारा आभाळाकडं डोळे लावून बसे, आणि पहिला करकोचा ओरडला की घरात येऊन सांगे, "आले बापा, सोयरे आले." (सोयऱ्यांत मीही मोडतो. पण माझी बैलगाडी दिसली म्हणून म्हाताऱ्यानं असं कधी सांगितल्याचं मला आठवत नाही.)

या वेडापायी घरात भांडण लागलेलं. माझा साळा पुंजाराम तलावाकडं बघे तेव्हा त्याला पाणी दिसत नसे, पाण्याखालचा गाळ दिसे. पाळ फोडायची, पाणी सोडून द्यायचं, आणि त्या लोण्यासारख्या गाळात कापूस पेरायचा. बाप म्हणे, सोयऱ्यायनं मंग कुठं उतरायचं? पोरगा म्हणे, दुसऱ्याच्या घरी. दोन वर्षं हेच चाललेलं. म्हातारा शेवटच्या आजारात अंथरुणावरून तलावाकडंच बघत होता आणि पुंजाराम ओसरीत बेलदाराशी पाळ फोडायचं बोलत होता. सुभद्रानं ते आपल्या कानांनी ऐकलं, बापानंही ऐकलं. त्यानंतर म्हातारा बोललाच नाही, आणि तसाच गेला.

सुभद्राच्या मनाला ते लागून राहिलं होतं. बाप तोंड मिटून गेला म्हणजे त्याचं काहीतरी अडलंय. दहाव्याला कावळा शिवला तर सुटला, नाही शिवला तर जीव इथंच घुटमळत राहणार. तिनं मला आधीच सांगून ठेवलं, कावळा शिवल्याशिवाय मी तोंडात पाणी घेणार नाही. मी म्हटलं, अगं, कावळ्याची काय वाण आहे?

दहाव्याचा दिवस उजाडला तोच मळकट. आभाळ भरून आलेलं, पाण्यावरून झोंबरा वारा, उन्हाचं नाव नाही. पुंजाराम मुंडण करून नुसत्या ओल्या धोतरावर कुडकुडत होता. भटजींनी पिंड मांडला, शेजारी पत्रावळीवर म्हाताऱ्याच्या आवडीचं पातोडी, भरीत, भाकरी, ठेचा असं सगळं वाढलं. आमच्याकडं बायकाही येतात, त्या उंबराखाली बसल्या. आम्ही पुरुष मंडळी लांब सरकून हात जोडून उभे राहिलो. आणि वाट बघू लागलो.

पहिली आली एक टिटवी. ती आमच्या डोक्यावरून किंचाळत गेली आणि बायकांनी कानांवर हात ठेवले. मग एक ढोकरी आली, पिंडापासून हातभर अंतरावर मान आखडून उभी राहिली ती हलेचना. टिबुकल्या बुडी मारत होत्या आणि भलतीकडंच वर येत होत्या. पलीकडच्या काठाला चक्रवाकाचं जोडपं आपसांत काही बोलत होतं. मला आधी पाखरांतलं काही कळत नव्हतं. पांढरं ते बगळा आणि काळं ते कावळा, एवढंच माझं ज्ञान. त्या दिवशी मी तलावातलं एकूण एक पाखरू ओळखायला शिकलो, कारण दुसरं काही करण्यासारखंच नव्हतं. करकोचे उतरले, बदकं उतरली, एक खंड्या येऊन पत्रावळीवरच्या भरताकडं बघून गेला. कावळा मात्र नाही.

मध्येच एक काळा शराटी चालत चालत पिंडापाशी आला. आपली लांब वाकडी चोच त्यानं पिंडात खुपसली, चव घेतली, आणि नापसंतीनं पुढं गेला. म्हाताऱ्याचे चुलतभाऊ देवीदासकाका लगेच म्हणाले, झालं की, काळा हाये, पंख हायेत, चोच हाये, अजून काय पाह्यजे? भटजींनी नुसती मान हलवली. मी हळूच विचारलं, पिंड उचलून नदीवर नेता येणार नाही का? भटजी म्हणाले, एकदा ठेवला तो ठेवला.

तेव्हा सासूबाई सकाळपासून पहिल्यांदा बोलल्या, अगदी शांतपणे.

"इथं कावळा कुठून येईन बापा? यायनं जलमभर हाकलले."

आणि मग सगळ्यांना आठवलं. कावळे टिटवीची अंडी खातात, टिबुकलीची पिल्लं पळवतात, म्हणून म्हातारा गोफण कमरेला बांधूनच धोंड्यावर बसे. कावळा दिसला की सोडलाच धोंडा. वर्षानुवर्षं धोंडे खाऊन कावळ्यांनी हा तलाव टाकला होता. त्यांच्या पोराबाळांनाही त्यांनी तसं सांगून ठेवलं असावं. ज्याच्या हाती म्हाताऱ्याची सुटका, त्यालाच म्हाताऱ्यानं आयुष्यभर मारलं होतं. आणि दहावा इथं करायची अक्कल कोणाची, तर माझी. सुभद्रानं माझ्याकडं पाहिलं. 'तुमाले कळलं' तिनं त्या एका नजरेत परत घेतलं.

भटजी थंडीनं काकडले होते. ते म्हणाले, शास्त्रात सोय आहे, दर्भाचा कावळा करू आणि पिंडाला लावू. पुंजाराम लगेच दर्भ शोधायला वाकला. सुभद्रा उठून उभी राहिली.

"गवताचा कावळा लावून बाप वाटे नाई लावत मी. बाबाचं काय अडलं ते बोला. बोलल्याबिगर कावळा येत नसते."

झालं. आता बोलण्याची पाळी. मयताची इच्छा काय राहिली असेल ते ओळखून जिवंतांनी वचन द्यायचं, ही रीत तुम्हाला ठाऊक आहे. पुंजारामानं सुरुवात केली. बाबा, तुमच्या नावानं गावजेवण घालीन. बाबा, मारुतीच्या देवळाला ओटा बांधीन. कावळा नाही. बाबा, आईले नवं लुगडं घेईन. एक बगळा उडाला. बाबा, गाई दान देईन. तो जगातलं सगळं बोलत होता, एक तलाव सोडून. आणि तलाव त्याच्यासमोर पसरलेला.

मग देवीदासकाकांची नजर माझ्यावर आली. जवाईबापू, तुमच्याकडं काही राह्यलं असन. मी म्हटलं, माझ्याकडं काय राहणार? सगळं गाव माझ्याकडं बघू लागलं. मला बाजारातल्या गाड्या दिसत होत्या. मी म्हणालो, मामाजी, तंबाखू सोडतो. (त्यांना माझ्या पिचकाऱ्यांचा संताप येई, अन् मला वाटलं एवढ्यावर भागेल.) काही नाही. मामाजी, दर दिवाळीला सुभद्राला माहेरी आणीन. ढोकरीनं पाय बदलला. मामाजी, मामींना आमच्या घरी नेतो, हवे तितके दिवस राहू द्या. सासूबाईंनी दचकून माझ्याकडं पाहिलं. त्यांनी असं काही मागितलेलं नव्हतं. माझा आता तोल सुटला होता. मी म्हणालो, मामाजी, मी झोपेत घोरणार नाही. देवीदासकाका म्हणाले, ते आपल्या हातात नसते जवाईबापू. मी म्हटलं, भिंतीकडं तोंड करून झोपीन.

दुपार टळली. सासूबाईंचे ओठ सुकून पांढरे पडले होते. सुभद्रा पुंजारामापुढं जाऊन उभी राहिली.

"दादा, बाबाचं काय राह्यलं ते तुले मालूम हाये."

पुंजाराम खाली बघत म्हणाला, "त्या पाण्याखाली सोनं हाये सुभद्रे. हे दिवस पुन्हा येत नाईत."

"मंग बाबा असेच राहू दे."

ती परत जाऊन बसली. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. गुडघ्यांभोवती हात गुंफून, पाण्याकडं बघत, ती बापासारखीच बसली होती. ही बाई आता उठणार नाही, जेवणार नाही, आणि हे सगळं माझ्या एका शहाणपणाच्या वाक्यापायी. इथं कावळा नाही तर कुठं आहे, याचा मी विचार करू लागलो, आणि मला बाजार आठवला. गाडीवाले भाकऱ्या सोडून बसतात तिथं उभ्या तालुक्याचे कावळे गोळा झालेले असतात. मी कुणाला न सांगता पाळीमागं गेलो, माझी रेंगी जुंपली, आणि बैलांना पळवलं. हलकी गाडी, घटकेत पोचवते.

कावळा पकडणं किती अवघड आहे ते पकडल्याशिवाय कळत नाही. मी टोपली घेऊन एका कावळ्यामागं लागलो, तो कापसाच्या ढिगावर चढला, मीही चढलो. शेठजी गादीवरून म्हणाले, आले का सहदेवराव, काटा घ्या हातात. मी म्हटलं, आत्ता आलो, आणि टोपलीसकट ढिगात उडी टाकली. कमरेपर्यंत आत गेलो. वर आलो तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत कापूस, तोंडात कापूस, आणि टोपलीखाली कावळा. शेठजींनी गडीमाणसांना सांगितलं, बोलू नका कोणी, घरात दुःख झालं की एखाद्याचं असं होतं.

टोपलीवर उपरणं बांधलं आणि निघालो. टोपलीतला कावळा ओरडू लागला. त्याबरोबर बाजारातले सगळे कावळे उठले. त्यांना मी काय केलं ते कळलं होतं. पहिला माझं पागोटं घेऊन गेला. दुसऱ्यानं उघड्या टाळूवर चोच मारली. मग मोजायची सोयच राहिली नाही. बैल घाबरून उधळले. वाटेतल्या बाभळींवरचे कावळे येऊन मिळत गेले, आणि माझ्या डोक्यावर काळं आभाळ तयार झालं. लोक वाटेच्या कडेला उभे राहून हात जोडत होते, ते मला की शनिमहाराजांना, कोण जाणे.

तलावाची पाळ आली. मी रेंगी पळसाच्या दाट जाळीत घातली, मला शोधत कावळे मागंच घोटाळले, आणि मी टोपली उराशी धरून पाळीवर सरपटत चढलो आणि खाली पाहिलं. सासूबाई उठल्या होत्या. त्यांनी म्हाताऱ्याची गोफण आणली होती, पिंडापाशी ठेवायला आणली असेल. ती त्यांनी पुंजारामाच्या हातात दिली.

"हे घे. त्यायनं कावळे हाकलले. तू आता सोयरे हाकल."

पुंजाराम गोफणीकडं बघत राहिला. मुंडण केलेलं डोकं, ओलं धोतर, काळवंडलेले ओठ. एकदम लहान पोरासारखा दिसत होता तो. मग तो गुडघ्यांवर बसला आणि मोठ्यानं रडला. "नाई फोडत, बाबा. तलाव नाई फोडत. सोयऱ्यायले उतरू देईन."

आणि त्याच क्षणी, माझ्यामागून, पाळीवरून कावळे आले. एक नाही, दोन नाही, आख्खा बाजार आला. त्यांना पत्रावळ दिसली आणि माझा राग ते घटकाभर विसरले. पिंडावर कावळा, भाकरीवर कावळा, भरतावर दहा कावळे. तो कल्लोळ ऐकून तलावातलं झाडून सगळं पाखरू उठलं, बदकं, चक्रवाक, करकोचे, घरचे आणि सोयरे, आणि आमच्या डोक्यावर गिरक्या घेऊ लागलं. भटजींनी हात जोडले. देवीदासकाका जमिनीवर आडवे झाले. सुभद्रा वर बघत होती, आणि आता ती रडत होती, पोटभर, मोकळी होऊन. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. टोपलीचं उपरणं मी सोडलं. आतला कावळा बाहेर आला, त्यानं माझा कान फोडला आणि जेवायला गेला.

मी खाली उतरलो. मी सांगणार होतो, देवाशपथ. पण पुंजाराम आईच्या पायांवर डोकं ठेवून होता, आणि माझ्या ध्यानात आलं, की हे कावळे म्हाताऱ्यानं धाडले नाहीत, माझ्यामागं लागून आले, असं मी बोललो की पुंजारामाचा शब्द तिथंच सुटला. उद्या बेलदार पाळीवर. मी तोंड मिटलं.

सुभद्रा माझ्यापाशी आली. माझ्या अंगावर कापूस, टाळूवर रक्त, डोक्याला पागोटं नाही.

"बाबा सुटले," ती म्हणाली. "साऱ्या गावानं पाह्यलं. तुमीच तेवढे नोते. कुठं होते?"

"पोट बिघडलं होतं," मी म्हणालो.

सासुरवाडीत माझी ओळख अजून तीच आहे.

पुढं अमेरिकेतली लढाई संपली, कापूस कोसळला, शिंगांच्या शेंब्या उतरल्या. ज्यांनी तळी फोडून पेरलं त्यांच्या हाती ना पाणी राहिलं ना सोनं. आमचा तलाव मात्र आहे. दर दिवाळीला मी सुभद्राला नेतो (वचन), ती बापाच्या धोंड्यावर जाऊन बसते आणि उत्तरेकडं बघते. करकोचे ओरडले की घरात येऊन सांगते, आले, सोयरे आले. सांगताना तिचा आवाज दर वर्षी भरून येतो. तिला वाचता येत नाही, म्हणून हे सगळं लिहायची हिंमत केली.

सासूबाई आमच्याकडंच असतात. आणि कावळे मला विसरलेले नाहीत. बाजारात जाताना, येताना, अंगणात तोंड धुताना, कुठूनही येतात आणि टाळूवर एक देऊन जातात. सगळ्या अमरावतीत मला एकट्यालाच. खरं कारण मी सांगू शकत नाही, आणि सुभद्राला कारण ठाऊकच आहे. तिच्या मते ते बाबा. टोच बसली की मायलेकी ओसरीत बसून माझं कोणतं वचन मोडलं याचा शोध घेतात. एकदा तिनं माझं तोंड हुंगलं आणि तंबाखू सापडली. त्या दिवसापासून बाबांवरचा तिचा विश्वास पक्का झाला.

काल सकाळी दारातच एकानं माझं नवं पागोटं नेलं. मी शपथेवर सांगितलं, तंबाखू नाही, दिवाळीला जाऊन आलो, सगळं पाळलंय. सुभद्रा विचारात पडली. सासूबाई ज्वारी निवडत होत्या, त्यांनी वर न बघताच सांगितलं.

"घोरले असान."